पाचवी मात्रा

वारसनोंदींची प्रकरणे हातावेगळी करण्यात ज्याची ऐन उमेदीची वर्षे खर्ची पडली, त्या मनुष्याला जगातील बहुतेक व्यवहारांकडे सातबाऱ्याच्या नजरेने पाहण्याची खोड लागते, आणि ती निवृत्तीनंतरही सुटत नाही, असा निदान माझा तरी अनुभव आहे. मूळ खातेदार मयत झाला, वारसांनी अर्ज गुदरला, तलाठ्याने फेरफार धरला, नोटिशीची मुदत हरकतीवाचून निघून गेली आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, म्हणजे बापाच्या नावाला कंस पडतो व मुलाचे नाव चढते. क्षेत्र तेच राहते, आकार तोच राहतो, चतुःसीमाही बदलत नाहीत. परंतु ज्या खाचरात बापाने भात लावले त्या खाचरात मुलगा वीटभट्टी घालणार, गोदाम बांधणार, की सगळेच एखाद्या बिल्डरच्या हवाली करून मोकळा होणार, याविषयी त्या नोंदीत अवाक्षर नसते. पनवेल तालुक्यात राहणाऱ्या माणसाला याची उदाहरणे शोधण्यासाठी स्वतःच्या गच्चीपलीकडे जावे लागत नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र जमिनीचे नव्हते. २०२५ सालच्या मे महिन्यात, उकाड्याने जीव कासावीस झालेला असताना, भाच्याने मला ‘मिशन इम्पॉसिबल’ या चित्रपटांच्या मालेतील आठवा भाग पाहावयास नेले. चित्रगृह थंडगार होते, खुर्ची आरामशीर होती, आणि पडद्यावर साठी उलटलेला टॉम क्रूझ एका जुन्या दुपंखी विमानाच्या पंखाला लोंबकळत होता. मागील सात भागांत कोण मेले, कोण फितले आणि कोण मेल्यासारखे करून परत आले, याचा तपशील भाचा माझ्या कानाशी लागून इमानाने पुरवीत होता. कथेच्या ओघात असा उलगडा झाला, की नायकाच्या पाठीवर असलेला एक सरकारी अधिकारी हा कोणा जिम फेल्प्सचा मुलगा असून त्याने ब्रिग्ज हे आडनाव धारण केलेले आहे. मी दचकून विचारले, “जिम फेल्प्स म्हणजे आपला तोच का रे?” भाचा म्हणाला, “पहिल्या भागातला, मामा. गद्दार होता तो. मेला तेव्हाच.”

गद्दार! बापाच्या नावाला पडलेला कंस मला त्या अंधारात लख्ख दिसला.

जुन्या दूरचित्रवाणी मालिकेचे नाव घेऊन मारधाडीचा भव्य चित्रपट काढणे हा अमेरिकेत आता रुळलेला धंदा आहे, आणि त्याचा जमाखर्च समजावून घेतल्यावाचून त्यातील न्याय-अन्याय ठरवणे रास्त होणार नाही. ‘द फ्युजिटिव्ह’ ही मालिका १९६३ ते १९६७ या काळात चालली, तिच्यावरून १९९३ साली चित्रपट निघाला. ‘चार्लीज एंजल्स’ १९७६ ची, तिचा चित्रपट २००० चा. ‘द इक्वलायझर’ १९८५ ची, तिचा चित्रपट २०१४ चा. ‘द फॉल गाय’ १९८१ ची, तिचा चित्रपट २०२४ चा. या तारखा एकाखाली एक मांडून पाहिल्या तर मालिका आणि चित्रपट यांच्यामध्ये सामान्यतः एका पिढीचे अंतर आढळते, आणि त्याचे कारण उघड आहे: जी मुले वडिलांच्या शेजारी सतरंजीवर बसून मालिका पाहत होती, ती कमावती होऊन तिकिटासाठी स्वतःच्या खिशात हात घालू लागेपर्यंत तेवढा काळ जावाच लागतो. नवे नाव लोकांच्या कानी घालावयाचे तर जाहिरातीवर अफाट खर्च येतो; जुने नाव मात्र कपाटात दस्तऐवजासारखे पडून असते, आणि ज्या संस्थेच्या कपाटात ते पडलेले असते तिला ते वापरण्यासाठी कोणाची मिनतवारी करावी लागत नाही. ‘मिशन इम्पॉसिबल’ ही मालिका डेसिलू नावाच्या स्टुडिओत तयार होत असे. ल्यूसिल बॉल या विनोदी अभिनेत्रीच्या मालकीचा हा स्टुडिओ. ‘स्टार ट्रेक’ ही मालिकाही तिथलीच, आणि दोन्ही मालिकांचा पहिला भाग १९६६ सालच्या सप्टेंबर महिन्यातच, नऊ दिवसांच्या अंतराने, प्रक्षेपित झाला. पुढच्याच वर्षी पॅरामाउंटच्या मालकांनी हा स्टुडिओ विकत घेतला, आणि अशा रीतीने एकाच खरेदीखताने त्यांच्या पदरात दोन अशी नावे पडली, की ज्यांवर त्या कंपनीने पुढे कित्येक दशके पीक काढले.

आता, नाव ही गोष्ट एवढी किमतीची का ठरावी, हे ज्याने दूरदर्शनचा आरंभकाळ पाहिला आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या लाईन आळीतील ज्या घरात पहिला संच आला, त्या घराचे दार संध्याकाळी लावण्याची सोय उरली नाही. संचाला लाकडी सरकदारे होती; ती देवघराच्या दारांसारखी हळूच उघडली जात. कौलांवर उभा राहिलेला एक पोरगा ॲन्टेना वरळीच्या दिशेने फिरवी, आणि खालून एकमुखाने घोष चाले, “आलं! आलं! गेलं! थोडं मागे!” मग त्या हिमवर्षावातून एकदाचे चिमणराव प्रकट होत. चिं. वि. जोश्यांच्या कथांवरील त्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ; आणि आठवड्यातून एकदा भेटणारी ही माणसे काही दिवसांतच अशी अंगवळणी पडली, की घरमालकीणबाई त्यांच्या नावाने पाहुण्यांपैकी एकाला चिडवीत असत. या मालिकेवरूनही पुढे चित्रपट निघाला, त्याच दोन नटांना घेऊन. म्हणजे मालिकेचा चित्रपट करणे ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही; मात्र आमच्याकडे तो विनोदाच्या वाटेने झाला आणि वारसांनी शेतात पूर्वीचेच पीक घेतले.

या अंगवळणी पडण्यातच मालिकेचे मर्म आहे. चित्रपटाला आपण भेटावयास जातो, घरातून निघून, कपडे करून, पैसे मोजून. मालिका आपल्याकडे येते, आपण लेंगा-बनियनवर असताना, ताटावर बसलेलो असताना. चित्रपटाच्या नायकाचे कौतुक वाटते. मालिकेतल्या माणसाची ओळख होते. आणि ओळखीच्या माणसाविषयी कोणी भलतेसलते बोलले, तर ज्याचा त्याच्याशी काडीइतकाही संबंध नाही असा मनुष्यदेखील बाह्या सरसावून उठतो.

मूळ ‘मिशन इम्पॉसिबल’ मी पाहिली ती निवृत्तीनंतर, तबकड्यांवर, एका थंडीत ओळीने. ब्रूस गेलर हा तिचा कर्ता. १७ सप्टेंबर १९६६ ते ३० मार्च १९७३ या काळात तिचे १७१ भाग झाले. आरंभी एक हात आगकाडी ओढतो, वात पेटते, आणि ती जळत पडद्यावरून सरकत असताना त्या दिवशीच्या कथेतील दृश्ये क्षणभर चमकून जातात. तो आगकाडी ओढणारा हात खुद्द गेलरचा. मग पथकप्रमुखाला कोठल्यातरी आडजागी एक ध्वनिफीत सापडते. काम काय आहे ते ती सांगते, पकडले गेलात तर सरकार हात वर करील हेही सांगते, आणि पाच सेकंदांत धूर होऊन नष्ट होते. पहिल्या वर्षी हा प्रमुख डॅन ब्रिग्ज होता. ते काम करणारा नट स्टीव्हन हिल हा कर्मठ यहुदी असल्यामुळे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी चित्रीकरण सोडून घरी जात असे, आणि वर्षअखेरीस त्याची जागा पीटर ग्रेव्हजने घेतली. तोच जिम फेल्प्स. पांढऱ्या केसांचा, शांत आवाजाचा, एखाद्या चांगल्या प्रांतसाहेबासारखा, ज्याच्यापुढे फाईल ठेवताना हात थरथरत नाही असा. गेलरने आपल्या मालिकेतील सगळे धोके कागदावरच पत्करले, तरी त्याचा स्वतःचा अंत मात्र १९७८ साली विमान कोसळून झाला.

या पथकाच्या कामाची तऱ्हा नीट ध्यानात घ्यावी, कारण चित्रपटाने नेमके हेच सोडले. पाच माणसे. एक वेषांतर करून कोणाचेही सोंग हुबेहूब आणणारा, एक रूपवती, एक यंत्रविद्येत पारंगत, तो बार्नी कोलिअर, आणि ग्रेग मॉरिस या कृष्णवर्णीय नटाने ही बुद्धिमंताची भूमिका त्या काळात केली हे विशेष, एक अचाट बळाचा, आणि पाचवा फेल्प्स. कोठल्यातरी हुकूमशाही देशातील दुष्ट अंमलदाराला नामोहरम करावयाचे असते. त्या देशाचे नाव काल्पनिक, आणि रस्त्यावरच्या पाट्यांची भाषाही बनावट, जर्मन-स्लाव धाटणीची, परंतु इंग्रजी वाचणाऱ्याला चटकन उमगेल अशी बेताने घडवलेली; निर्मात्यांच्या गोटात तिला गमतीने ‘गेलरीज’ म्हणत. आता हे पाच जण काय करतात? बहुधा काहीच करत नाहीत. म्हणजे गोळी झाडत नाहीत, पाठलाग करत नाहीत, छपरांवरून उड्या मारत नाहीत. ते त्या अंमलदाराभोवती असा एक बनाव रचतात, की त्याला आपल्याच हाताखालच्यांचा संशय येतो, त्याच्या वरिष्ठांना त्याचा संशय येतो, आणि अखेरीस बंदुकीचा आवाज होतो तो भिंतीपलीकडे, त्यांच्यातल्यांतच. तोवर आपली पाच माणसे एका साध्या मालवाहू गाडीत बसून निघालेली असतात. चेहऱ्यावर विजयाची रेषादेखील नाही.

याला काही लोक संयम म्हणतील. मी त्याला गरिबी म्हणतो, आणि तो शब्द आदराने वापरतो. दर आठवड्याला पन्नास मिनिटांचा भाग पुरा करावयाचा, स्टुडिओच्या मागील अंगणातील चारदोन नकली गल्ल्यांनाच कधी पूर्व युरोप तर कधी दक्षिण अमेरिका म्हणावयाचे, अशा बंदोबस्तात पूल उडवता येत नाहीत आणि विमाने पाडता येत नाहीत. जे पैशाने करता येत नाही ते डोक्याने करावे लागते. प्रेक्षकाला योजना आधी सांगावयाची नाही, ती त्याच्या डोळ्यांपुढे कणाकणाने उलगडू द्यावयाची, मध्येच एखादी कळ अडकवून ठेवावयाची आणि त्याचा श्वास रोखून धरावयाचा, एवढे भांडवल त्यांच्यापाशी होते आणि ते त्यांनी काटकसरीने वापरले.

त्या मालिकेच्या सुरावटीविषयी थोडे विषयांतर केल्यास वाचकांनी क्षमा करावी, कारण माझे वडील तबला वाजवीत आणि हा विषय मला टाळता येत नाही. लालो शिफ्रिन या मूळच्या अर्जेंटिनातील संगीतकाराने ती रचली. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुतांशी चार मात्रांच्या चालीवर चालते. ही धून पाचांत आहे. अर्ध्या मात्रा धरून मोजले तर दहा होतात, आणि त्यांची वाटणी तीन, तीन, दोन, दोन अशी पडते. आपल्या झपतालाच्या दहा मात्रा दोन, तीन, दोन, तीन अशा विभागलेल्या असतात. म्हणजे दहांचा हिशेब तोच, खंड निराळे. दोन लांब आणि दोन आखूड अशा या ठोक्यांत तारायंत्राच्या लिपीतील मालिकेची आद्याक्षरे दडली आहेत असेही सांगतात, आणि ताडून पाहिले तर ती खरोखरच जुळतात. पाचव्या मात्रेमुळे ऐकणाऱ्याचे पाऊल सतत किंचित पुढे पडते. समेवर आलो असे वाटते तोच आणखी एक पायरी लागते. गुप्तहेराच्या छातीतील धडधडीला याहून समर्पक ठेका मला सुचत नाही. १९९६ साली चित्रपट आला तेव्हा यू-टू या वाद्यवृंदातील दोघांनी याच धुनेची एक नवी आवृत्ती केली, आणि नृत्यशाळांतून लोकांना तिच्यावर पाय टाकता यावेत म्हणून ती पुढे चारांच्या ठेक्यात आणून बसवली. ती जगभर अतोनात गाजली. पाचवी मात्रा गाळली याची हरकत कोणीही नोंदवली नाही.

आता चित्रपटाकडे वळू. टॉम क्रूझने स्वतः निर्माता होऊन ब्रायन डी पाल्मा या दिग्दर्शकाकडे तो सोपवला. सुमारे ८ कोटी डॉलर खर्च झाला आणि जगभरातून ४५ कोटींवर डॉलर परत आले. मी तो त्या काळी मुंबईत फोर्टातील एका चित्रगृहात पाहिला. पनवेलपर्यंत उपनगरी लोकल तेव्हा आलेली नव्हती, एस.टी.ने बेलापूर गाठावयाचे आणि तेथून हार्बरच्या गाडीत बसावयाचे असा तो द्राविडी प्राणायाम होता. मूळ मालिका मी तोवर पाहिलेली नसल्यामुळे मला त्यात काही खुपले नाही. फेल्प्सचे काम जॉन व्हॉइटने केले होते, आणि अखेरीस असे निघते की आपल्या पथकाचा घात करणारा तोच. पीटर ग्रेव्हजला हे काम आधी देऊ केले होते आणि त्याने ते नाकारले. ग्रेग मॉरिस तर चित्रपट पाहताना अर्ध्यातच उठून बाहेर पडला, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले. इतकी वर्षे लोटल्यावर, तबकड्या पाहून झाल्यावर, मला त्या दोघा वृद्धांची कैफियत पुरती पटली. उद्या कोणी चिमणरावांवर मारधाडीचा चित्रपट काढला, चिमणरावांच्या हाती पिस्तूल दिले, त्यांना हेलिकॉप्टरला लटकावले, तर मराठी माणूस हसेल आणि सोडून देईल. परंतु शेवटच्या प्रसंगात गुंड्याभाऊच चोर निघाला असे दाखवले, तर पुण्यात आणि पनवेलात पत्रांचा पाऊस पडेल, आणि त्यातील एक पत्र माझे असेल.

तथापि न्याय सर्वांनाच द्यावा. त्याच चित्रपटात एक प्रसंग असा आहे, की ज्यासाठी मी डी पाल्माचे अर्धे अपराध माफ करावयास तयार आहे. अमेरिकी गुप्तचर खात्याच्या मुख्यालयात एक पांढरीशुभ्र खोली; तिच्या जमिनीला वजन कळते, हवेला उष्णता कळते, भिंतींना आवाज कळतो. नायक छतातील झरोक्यातून दोराने आडवा, हातपाय पसरून, कोळ्यासारखा उतरतो. वर दोर धरून बसलेल्या साथीदारापुढे एक उंदीर येतो. दोर सुटतो, नायक जमिनीपासून वीतभर अंतरावर थांबतो, आणि त्याच्या चष्म्यावरून घामाचा एक थेंब ओघळू लागतो. तो थेंब जमिनीला लागला तर सारे फसणार. संपूर्ण चित्रगृहात चिटपाखरू बोलत नव्हते. माझ्या पुढच्या रांगेतील एका गृहस्थाने वेफरच्या पिशवीत घातलेला हात तसाच आत ठेवला होता. हे दृश्य चित्रित करताना क्रूझचे डोके जड होऊन तोंड पुनःपुन्हा जमिनीवर आपटत असे. तेव्हा त्याने तोल साधण्यासाठी बुटांत इंग्रजी नाणी भरली, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. आठ कोटींच्या चित्रपटातील सर्वांत मोलाचा क्षण बुटातल्या चिल्लरीने सावरला!

आणि हा प्रसंग तरी आला कोठून? ज्यूल्स डॅसिन या दिग्दर्शकाचा ‘टोपकापी’ हा १९६४ चा चित्रपट. त्यात इस्तंबूलच्या संग्रहालयातील रत्नजडित कट्यार चोरण्यासाठी एक मनुष्य असाच छतातून दोराने उतरतो, कारण जमिनीला पाय लागला की घंटा वाजणार. हाच चित्रपट पाहून गेलरला आपल्या मालिकेची कल्पना सुचली होती. त्याही मागे, १९५५ साली, याच डॅसिनने ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटात चोरीचा अर्ध्या तासाचा प्रसंग संवादावाचून आणि संगीतावाचून दाखवला होता. म्हणजे चित्रपटाची मिळकत मालिकेकडे गेली आणि तीस वर्षांनी फिरून चित्रपटाकडे आली. डी पाल्माने फेल्प्सला बदनाम केले खरे, पण खापरपणजोबांचे श्राद्ध मात्र त्याने यथासांग घातले. पुढच्या सात भागांत हे भान उत्तरोत्तर लोपत गेले. २०११ च्या चौथ्या भागात नायक दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाच्या काचांवर चढला. याच भागात आपला अनिल कपूर एका रंगेल धनिकाच्या भूमिकेत क्षणभर चमकून गेला. पाचव्यात नायक उडत्या विमानाच्या दाराला लोंबकळला, सहाव्यासाठी लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना क्रूझचा घोटाच मोडला, आणि सातव्यात नॉर्वेच्या कड्यावरून त्याने मोटारसायकलसकट झेप घेतली. या माणसाच्या धाडसाला मी मनापासून नमस्कार करतो. परंतु पाच जणांच्या मसलतीची कथा एका माणसाच्या देहाची कथा झाली, आणि प्रेक्षकाचा प्रश्न ‘हे कसे साधणार?’ असा होता तो ‘हा पडणार तर नाही ना?’ असा झाला. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला तो दाखवावाच लागतो, हे लग्नाच्या हॉलपासून हॉलिवूडपर्यंत सारखेच.

‘द फ्युजिटिव्ह’चा चित्रपट मला या बाबतीत अधिक सज्जन वाटतो. बायकोच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉक्टर, त्याच्या मागावर असलेला कर्तव्यकठोर अधिकारी, आणि खरा खुनी शोधण्याची धडपड, एवढ्यावर मूळ मालिका १२० भाग चालली आणि तिचा शेवटचा भाग पाहण्यासाठी १९६७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतले रस्ते ओस पडले. चित्रपटाने हॅरिसन फोर्डला डॉक्टर केले आणि आरंभी खरोखरीचे इंजिन खरोखरीच्या बसवर घातले. तेवढी चैन झाल्यावर मात्र त्याने माणसांकडेच लक्ष दिले, आणि पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामाबद्दल टॉमी ली जोन्सला ऑस्कर मिळाले. आमच्याकडे याच कथेवरून महेश भटांचा ‘क्रिमिनल’ १९९५ साली आला, नागार्जुनाला डॉक्टर करून. त्यातली गाणी लोकांना अजून पाठ आहेत, बाकीचे फारसे कोणाला आठवत नाही.

मराठीत अशी पुनर्निर्मिती होईल का, हे भाच्याने परतीच्या वाटेवर विचारले. ऐंशीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही पोलिसी मालिका लागत असे. पोलिसांना बोलावण्याचा तो दूरध्वनी क्रमांक. बी. पी. सिंग तिचे दिग्दर्शक, आणि तपास करणाऱ्यांत शिवाजी साटम, जे तेव्हा बँकेतील नोकरी सांभाळून अभिनय करीत. मारामारी बेताची, चौकशी, जबान्या, पंचनामे आणि चहाचे कप यांतच खुनी सापडत असे. याच जोडीने २१ जानेवारी १९९८ पासून हिंदीत ‘सीआयडी’ सुरू केली, ती वीस वर्षांत दीड हजारांहून अधिक भाग चालली, आणि २००४ साली तिचा एक भाग तर १११ मिनिटांच्या एकाच अखंड चित्रणात, मध्ये कोठेही न तोडता, सादर झाला. त्या भागाचे इंग्रजी नाव ‘वारसा’ अशाच अर्थाचे होते, याची माझ्यासारख्याने नोंद घ्यावी हे ओघानेच आले. मराठी मालिकेची मालमत्ता हिंदीत गेली, वाढली, नांदली. तिचा मोठा चित्रपट मात्र अद्याप कोणी काढलेला नाही. मुकेश खन्नांच्या ‘शक्तिमान’वरून चित्रपट निघणार अशी घोषणा २०२२ साली झाली आहे, तेव्हा वारसनोंदीचा अर्ज पडलेला आहे असे म्हणता येईल.

तरीही मराठीतले खरे जवळचे उदाहरण शोधावयास आम्हा पनवेलकरांना दूर जावे लागत नाही. जुन्या पुणे रस्त्याने निघाले की चौक फाट्याला डावीकडे कर्जतचा रस्ता फुटतो, आणि त्या रस्त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘चाणक्य’ या दूरदर्शन मालिकेच्या कलादिग्दर्शनातून हा माणूस पुढे आला, चित्रपटांत त्याने राष्ट्रीय पुरस्कार मिळवले, आणि मग स्वतःच्या आवारात तट-बुरूज बांधून २००८ साली स्टार प्रवाहसाठी ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका काढली. २०२३ साली त्याच आवारात त्यांचा शोचनीय अंत झाला. त्या मालिकेत शिवरायांचे काम करणारे डॉ. अमोल कोल्हे घराघरांत ओळखीचे झाले. आणि ५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, त्यांनी ‘शिवप्रताप गरुडझेप’ हा आग्र्याहून सुटकेचा चित्रपट आणला, त्यात महाराज तेच. कायद्याच्या काटेकोर भाषेत ही पुनर्निर्मिती नव्हे, कारण इतिहासाचा मालक कोणी नसतो. पण लोक चित्रगृहात गेले ते मालिकेतील ओळखीच्या भरवशावर, आणि प्रेक्षकांच्या दफ्तरी ही वारसनोंदच होती.

शिवाय प्रसंग कोणता निवडला ते पाहावे. १२ मे १६६६ रोजी दरबारात अपमान, मग पहारा, आजारपणाचे सोंग, दररोज बाहेर जाऊ लागलेले मिठाईचे पेटारे, ते तपासून तपासून कंटाळलेले पहारेकरी, आणि १७ ऑगस्टला पिंजरा रिकामा. बिछान्यावर महाराजांच्या जागी हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजला आणि ओळख पटावी म्हणून अंगठी घातलेला हात तेवढा बाहेर ठेवला, असे बखरी सांगतात. तोतया, वेषांतर, पहाऱ्याला लावलेली सवय, आणि एकही तलवार न उपसता सर्वांत बलाढ्य बादशहाचे तोंडात बोट! गेलरच्या पथकाने तीनशे वर्षांनंतर, बरोबर १९६६ साली, जे आरंभले ते याहून काय निराळे होते? अशी कथा मारधाडीच्या चित्रपटाला अवघडच जाते, कारण तिच्यातला मुख्य शस्त्रप्रयोग म्हणजे वाट पाहणे; आणि वाट पाहणे हे मालिकेला जसे साधते, आठवड्यामागून आठवडा, पेटाऱ्यामागून पेटारा, तसे अडीच तासांत साधणे कठीण. अंगठीचा तो हात मात्र कोणत्याही पडद्यावर मावतो.

हे सगळे मी भाच्याला वडाळे तलावाच्या काठी बसून सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले, एवढेच नव्हे तर एकदोनदा मानही हलवली. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. धून अर्थातच तीच, चारांत बसवलेली. तो बोलू लागला, आणि मी बाकाच्या फळीवर नकळत बोटांनी ठेका धरला: दोन लांब, दोन आखूड, दोन लांब, दोन आखूड. बोलणे आटोपून त्याने माझ्या बोटांकडे पाहिले, पुन्हा ती धून लावली, आणि तिच्याबरोबर मोजून पाहून म्हणाला, “मामा, तुमची एक मात्रा जास्त होतेय.”